वाचकांचे प्रश्न : कुत्र्याला घेऊन प्रदर्शनाला निघताना

पावसाळा सरला की आपल्या भागातील श्वानप्रेमींना प्रदर्शनांचे वेध लागतात. थंडीचे महिने हा देशभरातील श्वानप्रदर्शनांचा हंगाम. बेळगावकरांची त्यात सोय अशी की उत्तरेला कोल्हापूर, सांगली आणि पुणे, दक्षिणेला हुबळी-धारवाड आणि बंगळूर, आणि घाट उतरला की गोवा, असे तिन्ही रस्ते आपल्याच दारातून जातात. या वेळी आलेली बहुतेक पत्रे याच विषयाची असल्याने सदराची सगळी जागा त्यांना दिली आहे.

आमच्याकडे मुधोळ जातीचा दोन वर्षांचा नर आहे. ओळखीच्या धनगराकडून तो पिल्लू असताना मिळाला. कागदपत्रे काहीच नाहीत. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, याला प्रदर्शनात न्या. कागद नसताना न्यावे का? आणि नेल्यास तेथे नेमके काय पाहतात? — एक वाचक, रामदुर्ग

जरूर न्यावे, मात्र पहिल्या खेपेला बक्षिसाची आशा न धरता नोंदणीसाठी आणि स्वतः पाहून शिकण्यासाठी न्यावे, असे माझे मत आहे. आपल्याकडील बहुतेक मोठी प्रदर्शने केनेल क्लब ऑफ इंडिया या १८९६ साली स्थापन झालेल्या आणि चेन्नईत मुख्यालय असलेल्या संस्थेच्या नियमांनुसार, तिच्याशी संलग्न असलेल्या ठिकठिकाणच्या क्लबांमार्फत भरतात. तेथे कुत्र्याला ‘चॅम्पियन’ या पदापर्यंत न्यायचे असेल तर त्याची या संस्थेकडे नोंद असावीच लागते. आई-वडिलांची नोंद असलेल्या पिल्लाला वंशावळीचे प्रमाणपत्र सहज मिळते. तुमच्या कुत्र्यासारख्या, वंशावळ कागदावर नसलेल्या जनावरासाठी परीक्षकांनी प्रत्यक्ष तपासून जातीची खात्री दिल्यानंतर नोंद करून घेण्याची सोय आहे. त्यासाठी कोणत्या प्रदर्शनात, कोणत्या वेळी यायचे आणि शुल्क किती, हे जवळच्या क्लबच्या सचिवांना प्रवेश बंद होण्याच्या पुष्कळ आधी विचारून घ्यावे. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मांडवात जाऊन विचारणाऱ्याला उत्तर देण्याची कोणालाही सवड नसते. त्याआधी पशुवैद्याकडून कुत्र्याच्या खांद्यांच्या मध्ये मायक्रोचिप बसवून घ्यावी. तांदळाच्या दाण्याएवढ्या या चिपमध्ये पंधरा अंकी क्रमांक असतो, आणि पुढच्या सगळ्या कागदांवर तोच क्रमांक कुत्र्याची ओळख म्हणून चालतो.

अर्ज भरताना एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवावी. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद ‘कारवान हाउंड’ या नावाने करते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ही दुसरी संस्था ‘मुधोळ हाउंड’ या नावाने करते. ज्या संस्थेचे प्रदर्शन असेल ती वापरते तेच जातीचे नाव अर्जात लिहावे, म्हणजे अर्ज परत येण्याची वेळ येत नाही.

आता काय पाहतात ते सांगते. प्रदर्शनातील परीक्षक कुत्र्यांची आपापसांत तुलना करत असल्यासारखे दिसत असले, तरी प्रत्यक्षात ते प्रत्येक कुत्रा त्या जातीच्या लिखित मानकाशी ताडून पाहत असतात. कारवान हाउंडच्या मानकात नराची उंची खांद्याशी साधारण ६८ ते ७२ सेंटीमीटर आणि मादीची ६४ ते ६८ सेंटीमीटर असते. लांब व अरुंद डोके, खोल छाती, वर ओढलेले पोट, लांब आणि ताकदवान मान, आखूड व मऊ केस आणि जमिनीला फार न आपटता पुढे जाणारी हलकी चाल, ही या जातीची लक्षणे आहेत. वरचे पुढचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसलेले असावे लागतात आणि नराचे दोन्ही वृषण खाली उतरलेले असावे लागतात. या दोन गोष्टी घरीच पाहून घ्या, कारण त्यांत दोष असल्यास बाकीची सुंदरता उपयोगी पडत नाही.

आपल्या भागात आणखी एक चूक सर्रास होते. प्रदर्शनाची तारीख ठरली की घरातील वडीलधारी मंडळी कुत्र्याला दूध, अंडी आणि तूप घालून ‘भरवायला’ लागतात. नजरेने सावज हेरून धावणाऱ्या या जातीच्या शेवटच्या बरगड्या किंचित दिसणे ही उपासमारीची खूण नाही. उलट चरबी चढलेला मुधोळ परीक्षकाला पहिल्या फेरीतच खटकतो. त्याला ज्या भाकरीवर आणि ज्या मांसावर वाढवले असेल त्यावरच ठेवावे, आणि खुराकापेक्षा रोजच्या लांब चालण्याकडे लक्ष द्यावे.

मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांपैकी मालोजीराव घोरपडे यांनी ही जात निवडक पैदाशीने जोपासली आणि तिची एक जोडी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली, ही हकिकत तुमच्या कानावर असेलच. २००५ मध्ये टपाल खात्याने काढलेल्या चार भारतीय जातींच्या तिकिटांतही मुधोळ होता. रामदुर्गहून फार लांब नसलेल्या मुधोळजवळच्या तिम्मापूर येथे, कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या अखत्यारीत, श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. प्रदर्शनाआधी तेथे एक फेरी मारून चांगल्या बांध्याची जनावरे पाहून या. आपला कुत्रा कोठे बसतो, हे शेजाऱ्यांच्या कौतुकापेक्षा तेथे लवकर कळेल.

माझी कारवान मादी घरात अत्यंत प्रेमळ आहे, पण परक्याने हात लावला की अंग चोरते. मागच्या हंगामात परीक्षकांनी तिचे तोंड उघडायला हात पुढे केला तेव्हा ती मागे सरकली आणि नंतर नीट चाललीच नाही. हा स्वभाव बदलता येतो का? — एक वाचक, निपाणी

स्वभाव बदलत नाही, सवय बदलते, आणि रिंगमध्ये, म्हणजे परीक्षणासाठी आखलेल्या जागेत, तेवढे पुरते. परक्याचा स्पर्श न आवडणे हे या जातीत नैसर्गिक आहे आणि जाणकार परीक्षक थोडा अलिप्तपणा समजून घेतात. अलिप्तपणा आणि भीती यांत मात्र फरक आहे: शेपूट पोटाखाली घेऊन मागे सरकणारी किंवा दात दाखवणारी मादी कोणत्याही मानकात बसत नाही, आणि चावा घेणाऱ्या कुत्र्याला बाहेर काढले जाते.

तयारीचा क्रम असा ठेवावा. सुरुवातीला घरच्याच माणसाने, मादी उभी असताना, तेच आणि तसेच करावे जे परीक्षक करतात: समोरून शांतपणे यावे, हात हुंगू द्यावा, मग हनुवटीखालून हात घालून ओठ बाजूला करून दात पाहावेत, मान, खांदे, पाठ आणि मागचे पाय या क्रमाने हात फिरवावा आणि लगेच बाजूला व्हावे. ती स्थिर राहिली तर हात निघताच खाऊ द्यावा. हात अंगावर असताना खाऊ देत राहिल्यास तिचे लक्ष खाऊकडे जाते आणि स्पर्शाची सवय लागतच नाही. घरच्यांचा हात अंगवळणी पडला की शेजारी, मग तिच्या ओळखीचे नसलेले, मग टोपी घातलेले, चष्मा लावलेले, उंच, दाढीवाले, साडी नेसलेले असे वेगवेगळे लोक घ्यावेत. मादी कधी बिचकली तर तिला रागावू नये, आणि ‘नाही गं बाळा’ म्हणून कुरवाळूही नये. एक पायरी मागे येऊन पुन्हा सोपे करावे. निपाणीच्या आठवडी बाजाराची कडेची, फार गर्दी नसलेली बाजू या सरावासाठी चांगली. प्रदर्शनातील गोंगाट, ध्वनिक्षेपक, दुसऱ्या कुत्र्यांचे भुंकणे यांची थोडीफार कल्पना तिला तेथे येते.

चालण्याकडेही तितकेच लक्ष हवे. रिंगमध्ये सर्व कुत्री एकापाठोपाठ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात आणि कुत्रा माणसाच्या डाव्या हाताला, म्हणजे परीक्षकाच्या बाजूला राहतो. त्यानंतर प्रत्येकाला एकट्याने सरळ जाऊन परत यायला किंवा त्रिकोणात फिरायला सांगतात. परीक्षकाला दुडकी चाल पाहायची असते, पळणे नव्हे. कुत्रा दोरी ओढू लागला की पुढचे पाय वाकडे पडल्यासारखे दिसतात आणि चांगल्या खांद्याचे कुत्रेही सदोष वाटते. तुमच्या पावलांचा वेग तिच्या दुडक्या चालीला जुळतो का, हे कोणाकडून तरी मोबाइलवर बाजूने चित्रित करून पाहावे. बहुतेक वेळा माणूसच सावकाश चालत असतो.

काही जण कुत्रा शांत राहावा म्हणून गुंगीची गोळी देतात. हे करू नये. तसा कुत्रा चाल घालवून बसतो, परीक्षकाच्या लक्षात ते येते, आणि उन्हात शरीराचे तापमान सांभाळण्याची त्याची क्षमता कमी होते ती वेगळीच.

ताई, आम्ही खानापूरचे. पुण्यात एका प्रदर्शनासाठी लॅब्राडोरला न्यायचे आहे. मिस्टर म्हणतात रेल्वेने, मुलगा म्हणतो गाडीने. घाटात त्याला उलट्या होतात. काय करावे? — एक वाचक, खानापूर

तुमच्या मुलाचे म्हणणे मला पटते, पण तुमच्या मिस्टरांचेही एकदम मोडीत काढण्यासारखे नाही, म्हणून दोन्ही सांगते.

रेल्वेचा नियम असा की कुत्र्याला आपल्याजवळ ठेवून न्यायचे असेल तर ते फक्त प्रथम वर्गात, दोन शय्यांचा कूपे किंवा चार शय्यांचे केबिन पूर्णपणे तुमच्या नावे आरक्षित असेल तरच शक्य होते. वातानुकूलित दुसरा आणि तिसरा वर्ग, स्लीपर, खुर्चीयान यांत कुत्रा चालत नाही. आरक्षण झाले तरी गाडीच्या वेळेच्या पुष्कळ आधी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात जाऊन कुत्र्याचे वेगळे बुकिंग करावे लागते. प्रथम वर्गाची सोय नसेल तर उरतो तो गार्डच्या डब्यातील पिंजरा. तेथे कुत्रा एकटा, अंधारात, आवाजात आणि वाटेतल्या प्रत्येक स्टेशनवर तुम्ही धावत जाऊन पाणी दाखवणार, असा हा प्रवास असतो. दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये आनंदाने चालावे अशी ज्याच्याकडून अपेक्षा आहे, त्या कुत्र्याला मी असे नेणार नाही.

कोणत्याही वाहनाने न्यायचे असले तरी पशुवैद्याचे प्रवासयोग्यतेचे प्रमाणपत्र सोबत ठेवा. प्राण्यांच्या वाहतुकीसंबंधीच्या १९७८ च्या नियमांत कुत्रा प्रवासास योग्य असल्याचे आणि त्याला रेबीजसह कोणत्याही संसर्गजन्य रोगाची लक्षणे नसल्याचे प्रमाणपत्र सांगितलेले आहे. त्याच नियमांत गाभण काळाच्या शेवटच्या टप्प्यातील मादीला नेऊ नये, असेही म्हटले आहे. लसीकरणाचे पुस्तक, मायक्रोचिपचा क्रमांक आणि प्रवेशपावती हे सगळे एकाच प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गाडीत पुढे ठेवावे, डिकीतल्या बॅगेच्या तळाशी नव्हे. रेबीजची लस नव्याने दिली असेल तर तिचा परिणाम होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात, म्हणून आदल्या आठवड्यात घाईने लस टोचून निघण्यात अर्थ नाही. अंगात गोचीड असतील तर त्याचाही बंदोबस्त आधीच करा. शेकडो कुत्री एकत्र येणाऱ्या मैदानावर गोचीड ताप पसरायला वेळ लागत नाही.

आता उलट्यांविषयी. चालत्या वाहनात कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि डोळे यांचा मेळ बसत नाही, म्हणून मळमळते. लहान पिल्लांत हे जास्त दिसते आणि बहुतेकांत वयाबरोबर कमी होते. मोठ्या कुत्र्याला निघण्यापूर्वी सहा-आठ तास जड खाणे देऊ नये, पाणी मात्र थोडे थोडे द्यावे. त्याला मागच्या आसनावर मोकळे न सोडता, बाहेर फारसे दिसणार नाही अशा, गाडीच्या तळाशी घट्ट बसवलेल्या क्रेटमध्ये, म्हणजे प्रवासाच्या पिंजऱ्यात ठेवावे. पायाखाली घरचेच गोणपाट किंवा जुनी चादर घालावी, कारण घसरणाऱ्या पृष्ठभागावर तोल सांभाळण्यातच कुत्रा दमतो. खिडकी थोडी उघडी ठेवून हवा खेळू द्यावी, पण डोके बाहेर काढू देऊ नये. एवढे करूनही उलट्या थांबत नसतील तर मळमळ थांबवणारी, गुंगी न आणणारी औषधे पशुवैद्य देऊ शकतात. ती प्रथम प्रदर्शनाच्या दिवशी न देता आधी एखाद्या छोट्या प्रवासात देऊन पाहावीत. माणसांच्या उलटीच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत.

खानापूरहून पुण्याला जाताना तुम्हाला गोव्याकडे उतरणाऱ्या चोर्ला घाटासारखी अवघड वळणे लागणारच नाहीत. बेळगावहून महामार्गाने हत्तरगी, संकेश्वर, तवंदी घाट, निपाणी आणि कोगनोळी ओलांडून कागलकडे निघालात की पुढे साताऱ्यापलीकडे खंबाटकीपर्यंत मोठा घाट नाही. सराव म्हणून आधी बेळगावपर्यंत, मग निपाणीपर्यंत आणि मग कोल्हापूरपर्यंत अशा फेऱ्या कराव्यात, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी त्याला आवडणारी गोष्ट घडावी. गाडी म्हणजे फक्त दवाखाना असे समीकरण ज्याच्या डोक्यात बसले आहे तो कुत्रा गाडी सुरू होण्याआधीच लाळ गाळू लागतो.

दर दोन-अडीच तासांनी थांबावे, पण महामार्गाच्या कडेला नव्हे. पट्टा हातात पक्का धरल्याशिवाय दरवाजा उघडू नये. परक्या जागी, ट्रकच्या आवाजाने बिथरलेला कुत्रा क्षणात रस्त्यावर जातो, आणि प्रदर्शनाच्या प्रवासातील सर्वांत वाईट अपघात असेच होतात. दुपारच्या उन्हात बंद गाडीत त्याला पाच मिनिटेही एकटे ठेवू नये. कुत्रा घामाने नव्हे, तर धापा टाकून अंग गार ठेवतो आणि कोंडलेल्या गरम हवेत ते जमत नाही. त्याचे नेहमीचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या वर गेले की जीव धोक्यात येतो. हिरड्या गडद लाल, लाळ घट्ट आणि चाल डळमळीत दिसली तर सावलीत नेऊन साधे पाणी अंगावर ओतत, वारा घालत सरळ दवाखाना गाठावा.

मुक्कामासाठी कुत्र्याला घेणारे लॉज आधी फोनवर ठरवा आणि ‘लॅब्राडोर’ असे स्पष्ट सांगा, कारण ‘छोटा कुत्रा आहे’ म्हणून मिळवलेली खोली रात्री दहाला हातची जाते. घरचे पाणी दोन-तीन दिवस पुरेल एवढे सोबत न्यावे. नव्या पाण्याने पोट बिघडणे हे हरण्याचे एक अगदी साधे कारण आहे. आणि पाहुण्यांसाठी घेतलेला बेळगावचा कुंदा आणि विजापूरकडचा बेदाणा त्याच्या नाकापासून लांब ठेवा. कुंद्याने पोट बिघडेल एवढेच, पण बेदाण्याने आणि द्राक्षांनी कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

ताई, मी बारावीत आहे आणि आमच्याकडे एक गावठी कुत्री आहे. ती भिंती, कट्टे सगळे सहज ओलांडते. मला तिला अ‍ॅजिलिटी शिकवायची आहे, पण बेळगावात साहित्य कोठे मिळणार? आणि गावठी कुत्रीला घेतात का? — एक विद्यार्थिनी, शहापूर, बेळगाव

तुझा प्रश्न वाचून बरे वाटले, कारण आपल्याकडे कुत्र्याचे प्रदर्शन म्हणजे केवळ रूपाची परीक्षा असा समज आहे. अ‍ॅजिलिटीची सुरुवात इंग्लंडमध्ये १९७८ साली क्रफ्ट्स या प्रदर्शनात, मुख्य परीक्षणांच्या मधल्या वेळेत प्रेक्षकांची करमणूक म्हणून झाली आणि पुढे तो स्वतंत्र खेळ बनला. त्यात माणूस कुत्र्यासोबत धावत, फक्त आवाजाने आणि हातवाऱ्यांनी त्याला ठरलेल्या क्रमाने अडथळे पार करायला लावतो. आखणी आधी माहीत नसते. स्पर्धेपूर्वी माणसाला एकट्याने मैदानावरून फिरून क्रम पाठ करायला थोडा वेळ मिळतो. रिंगमध्ये खाऊ किंवा खेळणे नेता येत नाही. आडवी दांडी पडली तर पाच गुण दोष, अडथळा नाकारला तर पाच, आणि तिसऱ्या नकाराला कुत्रा बाद होतो.

गावठी कुत्रीला घेतात का, याचे उत्तर आयोजकांवर अवलंबून आहे. जातिवंत वंशावळीची अट असलेल्या स्पर्धा आहेत आणि सर्वांसाठी खुल्या असलेल्याही आहेत. प्रवेशपत्रक नीट वाचावे. रूपाच्या प्रदर्शनात मात्र तिला सहसा जागा नसते, कारण तेथे ताडून पाहायला बहुधा मानकच नसते. आपल्याकडे अ‍ॅजिलिटीच्या स्पर्धा कमी होतात आणि त्या मुख्यतः मोठ्या शहरांत असतात. म्हणून मी सुचवीन की आधी तिला आज्ञापालनात पक्की कर. बसणे, थांबणे, बोलावल्यावर येणे आणि शेजारी चालणे हे चार धडे मोकळ्या मैदानावर, दुसरी कुत्री दिसत असताना जमले, तर अडथळे शिकवणे अगदी सोपे जाते. भिंत ओलांडणारी कुत्री चपळ असते, पण सांगितल्यावरच ओलांडणारी कुत्री खेळात उपयोगी पडते.

साहित्य घरीच होते. दांड्यांसाठी पीव्हीसी नळ घे. त्या दोन्ही बाजूंच्या आधारांवर नुसत्या ठेवलेल्या असाव्यात, धक्का लागताच पडल्या पाहिजेत. आंतरराष्ट्रीय नियमांत ४८ सेंटीमीटर किंवा त्याहून उंच कुत्र्यांसाठी दांडी ५५ ते ६० सेंटीमीटरवर असते, पण तू जमिनीपासून गुडघ्याच्या निम्म्याने सुरुवात कर. नागमोडी जाण्याचे बारा खांब एकमेकांपासून ६० सेंटीमीटरवर असतात आणि कुत्र्याने पहिला खांब आपल्या डाव्या बाजूला ठेवून आत शिरायचे असते. हा सर्वांत अवघड अडथळा आहे, तो शेवटी शिकव. सी-सॉ आणि चढ-उताराच्या फळीवर खालच्या टोकाला वेगळ्या रंगाचा पट्टा असतो आणि उतरताना त्यावर पंजा पडलाच पाहिजे; उंचावरून उडी मारल्यास सांध्यांना इजा होते, म्हणून हा नियम आहे. फळ्या सुताराकडून करून घे आणि त्यावर वाळू मिसळलेला रंग लाव, म्हणजे पाय घसरणार नाहीत.

तिचे वय तू लिहिले नाहीस. दीड वर्षाच्या आत उड्या आणि खांब नकोत, कारण हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते. तोपर्यंत बोगदा, जमिनीवरची फळी आणि वळणे भरपूर होतात. अंगणातल्या फरशीवर किंवा काँक्रीटवर सराव करू नकोस. मोकळी माती किंवा हिरवळ हवी, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात मैदान निसरडे असताना दांड्या बाजूला ठेवून नुसते आज्ञापालन करावे. आणि एक सांगते: बारावीच्या वर्षात रोज दहा मिनिटे पुरे. कुत्र्यालाही त्याहून जास्त वेळ रस राहत नाही.

आमच्याकडे यात्रेच्या वेळी शेतात श्वान-शर्यती होतात. माझा कुत्रा त्यात जिंकला आहे. तोच कुत्रा प्रदर्शनात चालेल का? — एक वाचक, अथणी

वेगाचे बक्षीस रिंगमध्ये मोजत नाहीत. शर्यतीचा कुत्रा बऱ्याचदा ग्रेहाउंडशी संकर झालेला असतो. तो धावतो फार छान, पण कोणत्याही एका जातीच्या मानकात बसत नाही. शुद्ध कारवान असेल तर जरूर आणा, फक्त शर्यतीनंतर नख तुटलेले, पंजा फाटलेला किंवा पाय लंगडता असताना आणू नका. जिवंत ससा सोडून कुत्र्यांना सराव देण्याची प्रथा आपल्या भागात अजूनही कोठे कोठे चालते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि अशा सरावाला मी कोणताही सल्ला देणार नाही. चिंधी बांधलेली दोरी फिरकीवर ओढून तोच सराव होतो.

माझ्या रॉटवायलरला कोल्हापूरला नेऊ का? बंदी आहे असे ऐकतो. आणि डॉबरमनचे कान कापल्याशिवाय परीक्षक पाहत नाहीत, हे खरे का? — एक वाचक, चिक्कोडी

केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ रोजी रॉटवायलरसह तेवीस जातींच्या विक्री व पैदाशीवर बंदी घालण्यास राज्यांना सांगणारे पत्रक काढले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी संबंधितांचे म्हणणे न ऐकता काढलेले म्हणून ते रद्द केले. कोल्हापूर महाराष्ट्रात असल्याने तेथील महापालिकेचा परवान्याचा नियम आणि आयोजकांची अट, या दोन गोष्टी निघण्याआधी विचारून घ्याव्यात, आणि नियम काहीही असला तरी या जातीचा कुत्रा गर्दीत तोंडाला जाळी आणि मजबूत पट्टा लावूनच न्यावा.

कानाचे म्हणणे जुने झाले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराचे अंग छाटणे ही क्रूरता आहे, आणि डॉबरमनच्या आंतरराष्ट्रीय मानकातही आता कान नैसर्गिकच ठेवायला सांगितले आहे. कोणी शिकारखान्यातल्या जुन्या पद्धतीचा दाखला देऊन कापून देतो म्हणत असेल तर त्याला घराबाहेर काढा.

प्रवेश भरून झाल्यावर मादी माजावर आली. नेऊ का? — एक वाचक, गोकाक

आयोजकांना लगेच कळवा. काही ठिकाणी परवानगी असते आणि काही ठिकाणी नसते. परवानगी असली तरी माझा सल्ला न नेण्याचा. ती स्वतः नीट चालणार नाही आणि आसपासच्या नरांच्या मालकांची वर्षभराची मेहनत त्या दिवशी पाण्यात जाईल. प्रवेशशुल्क परत मिळण्याची आशा ठेवू नका, मात्र पशुवैद्याचे पत्र जोडून पुढील प्रदर्शनासाठी ते वळते करून घेता येते का, हे एकदा विचारून पाहावे.